थर्मल फोटोतला लाल डाग म्हणजे बोअरचा पॉइंट नव्हे

कोल्हापुरातल्या ग्रुपांवर फिरणारा दावा असा: उपग्रहाच्या थर्मल फोटोत लाल दिसेल तिथं हजार फूट बोअर मारा, गरम पाणी लागेल. घाटाखाली गरम पाण्याचे झरे आहेत, म्हणजे इथंही वाफ असणारच. नकाशावर रेषा दिसली की तिथं भेग असणार. त्यावर गावाला वीज मिळेल.

‘लाल म्हणजे खाली उष्णता.’ थर्मल सेन्सर फक्त जमिनीचा वरचा पापुद्रा मोजतो. असे फोटो घेणारे लँडसॅट ८ आणि ९ हे उपग्रह आपल्यावरून सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास जातात. तोवर मसाई पठाराचा उघडा जांभा तापलेला असतो आणि पंचगंगेकाठचा ऊस पानांतून पाणी सोडून गार राहिलेला. लाल-निळं दिसतं ते एवढंच. भर दुपारी ऊन चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास देतं. जमिनीच्या पोटातून येणारी उष्णता ०.०६ वॅटच्या घरात. त्यात या थर्मल फोटोचा मूळ पिक्सेल १०० मीटरचा, म्हणजे अडीच एकरांना मिळून एकच आकडा. पहाटेची प्रतिमा घेतली तर उन्हाचा परिणाम कमी होतो खरा, पण मग रंकाळा तलावच लाल दिसेल, कारण पाणी सावकाश निवतं. तिथं कोण बोअर मारणार?

‘रेषा दिसली की भेग.’ म्हणजे गरम पाणी वर यायची वाट, असा समज. उंचीच्या मॉडेलवर, म्हणजे चढउतारांच्या संगणकी नकाशावर, एकाच बाजूनं उजेड टाकला तर त्या दिशेला समांतर रेषा लपतात. चार बाजूंनी छाया काढायची, रस्ते-कालवे-बांध खोडायचे आणि उरलेल्या रेषा पायी जाऊन बघायच्या. त्यातल्या काही डाइक निघतात, म्हणजे भेगेत थिजलेल्या लाव्ह्याच्या उभ्या भिंती, आणि डाइक पाणी अडवूनही धरतो.

‘घाटाखाली झरे आहेत.’ आहेत, तुरळ, राजवाडी, राजापूर. पण ते कोकणात, किनाऱ्याला समांतर पट्ट्यात आहेत. त्यावरून कोल्हापूरचं काही सिद्ध होत नाही.

‘हजार फुटांत गरम पाणी.’ खोलीबरोबर तापमान साधारणपणे किलोमीटरला २५ ते ३० अंशांनी वाढतं. हजार फुटांत आठ-नऊ अंशांची भर, म्हणजे कोमट पाणी. विजेसाठी १०० अंश धरले तरी, वरच्या पंचवीसेक अंशांपासून मोजून, याच हिशेबानं अडीच-तीन किलोमीटर उतरावं लागेल. बोअरवेलच्या गाडीचं ते काम नाही.

नकाशाचा उपयोग क्षेत्र आवळण्यापुरता. पुढं झऱ्याच्या पाण्यातली सिलिका तपासायची (त्यावरून खोलवरच्या तापमानाचा अंदाज येतो), मॅग्नेटोटेल्युरिक सर्वेक्षण करायचं (त्यात खालचे खडक वीज किती वाहू देतात ते कळतं), मग तापमान मोजायला १००-१५० मीटरची छिद्रं घ्यायची. ड्रिलिंग संपल्यावर काही आठवडे थांबायचं, कारण खोदताना सोडलेलं पाणी-हवा तापमान बिघडवते. तापमान मोजणारा प्रोब छिद्रात खाली सोडतानाच वाचन घ्यायचं. वर ओढताना पाणी ढवळलेलं असतं. एवढं करूनही बेसॉल्टच्या सांध्यांतून पावसाचं गार पाणी खाली मुरत असेल, तर वरच्या शंभर मीटरमध्ये तापमान वाढतच नाही आणि चांगली जागाही बाद ठरते.