अपघात वेळेत आणि हद्दीत करावा

कंपनीच्या कामाला निघालेली तुमची गाडी खंबाटकीच्या उतारावर ट्रकच्या मागे जाऊन बसली, की स्वतःचे हातपाय चाचपत बसू नका. ते पुढे डॉक्टर चाचपणारच आहेत. सीटखाली गेलेला फोन आधी काढा आणि साहेबांना लावा. १०८ला फोन करायला रस्त्यावर लोक असतात, साहेबांना तुमच्याशिवाय कोण आहे?

साहेब आधी विचारतील, "गाडी चालू आहे ना?" मग विचारतील, "साताऱ्याचे डॉक्टर भेटून झाले होते की व्हायचे होते?" माणूस दगडाच्या काळजाचा आहे असं लगेच म्हणू नका. अख्ख्या प्रकरणातला सगळ्यात महागडा प्रश्न त्यांनी विचारलाय. त्या क्षणी तुम्ही ड्युटीवर होतात की सहज घाट बघायला आला होतात, हे आता ठरायचंय. तुम्ही एमआर, म्हणजे औषध कंपनीचे विक्री प्रतिनिधी असाल तर सँपलची पाकिटं, डॉक्टरांना द्यायची पेनं आणि बॅगेतली माहितीपत्रकं काचेत मिसळून रस्त्यावर पडली असतील. पण तो काही पुरावा झाला? कुणाला अशा वस्तू घेऊन फिरायची आवडही असू शकते.

दरम्यान गर्दीतला एक पांढरा शर्ट पुढे येऊन "मिटवून टाका" म्हणेल. टाका. कुणी जखमी झालं तर चालकाने चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवावं असं मोटार वाहन कायदा म्हणतो, पण पंचनाम्यात वेळ फार जातो, शिवाय त्यात जागा, वेळ, गाडीचा नंबर असलं काहीबाही कायमचं लिहून ठेवतात. पुढे कुणी "अपघात झालाच कुठे?" म्हणालं तर ते कागद उगाच आडवे येतात.

दवाखान्यात मात्र तोंड सांभाळा. ऑफिसातून एव्हाना कुणीतरी शुभचिंतक फोनवर सांगेल, "बाथरूममध्ये पडलो म्हण. एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवायची केस झाली की त्यांची कटकट." ऐका त्याचं. केसपेपरवर ड्युटीवरचे डॉक्टर निळ्या शाईने एक ओळ खरडतील, "घरी घसरून पडल्याने दुखापत". ती एक ओळ कंपनी, विमावाले आणि त्यांचे वकील वर्षानुवर्षं प्रेमाने वाचतील. रस्ते अपघातातल्या जखमींसाठी दीड लाखापर्यंत सात दिवस कॅशलेस उपचारांची योजना केंद्राने मे २०२५मध्ये अधिसूचित केली आहे. बाथरूममध्ये अपघात होणाऱ्यांसाठी ती नाही, हे ओघाने आलंच.

आता भरपाई. कामावर असताना इजा झाली तर मालकाने पैसे द्यायचे, हे इंग्रजांनी १९२३मध्येच लिहून ठेवलं. १९७६च्या कायद्याने औषध कंपन्यांच्या विक्री प्रतिनिधींनाही त्यात घेतलं. चूक कुणाची हे तिथे सहसा विचारतच नाहीत, प्रश्न एकच: कामावर होता का? हे सगळं आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलंय, म्हणून घाबरू नका, प्रश्न तोच राहिलाय. जुन्या कायद्यात हिशेबासाठी तुमचा पगार फार तर महिना १५,००० धरत. कंपनी आपली किंमत करत नाही म्हणून कुढणाऱ्यांना तेवढंच समाधान. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा रस्ताही आहे, तिथे ही मर्यादा नाही. मात्र दोन्हीपैकी एकच दार ठोठवायचं. कुठलं ते एचआरला विचारा, ते निष्पक्ष असतात.

घरून कामावर जाताना अपघात करणार असाल तर जरा थांबा. उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या पहारेकऱ्याची पाळी पहाटे ३ ते सकाळी ११ अशी होती. २२ एप्रिल २००३ला तो मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाचेक किलोमीटर उरला असताना अपघातात गेला. कामगार भरपाईचे दावे बघणाऱ्या आयुक्तांनी घरच्यांना ३,२६,१४० रुपये आणि व्याज मंजूर केलं. विमा कंपनी अपिलात गेली आणि २०११मध्ये उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला, कारण माणूस कामावर मेला नव्हता, कामाच्या वाटेवर मेला होता. जुलै २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा हुकूम पुन्हा उभा केला. मध्यरात्र उलटल्यावर झोपेतून उठून माणूस मोटारसायकलवर दुसऱ्या कशासाठी निघत असेल, याचा उलगडा व्हायला बावीस वर्षं लागली. तेव्हा घाई करू नका. शक्यतो गेटच्या आत, पंचिंग झाल्यावर आपटा.

फिरतीवाल्यांना गेट नसतं, त्यांच्याकडे ॲप असतं. याच ॲपवरून साहेबांना तुम्ही लोणंद फाट्यावर चहाला एकोणीस मिनिटं थांबल्याचं कळतं आणि पेट्रोल भत्त्यातले चार किलोमीटर कापले जातात. अपघाताच्या दिवसाचं लोकेशन मागाल तर मात्र "सर्व्हरवर डेटा तीस दिवसच राहतो, सर" असं उत्तर येईल. मागायचं कशाला? टूर प्रोग्राम, साहेबांचा सकाळचा "आज सातारा संपव" हा मेसेज, टोलची पावती हेही फोनमध्ये जपू नका, स्टोरेज भरतं.

प्लास्टर निघायच्या आत एचआरच्या मॅडमचा फोन येईल. आवाज फार गोड. "सर, तब्येत कशी आहे? पगार अडायला नको म्हणून रजेचा फॉर्म पाठवलाय. आम्हीच भरलाय, तुम्ही फक्त सही करा." फॉर्मवर रजा अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून नाही, अपघाताच्याच दिवसापासून असेल. कारण: वैयक्तिक. पगार वेळेवर होणार, मॅडम एवढ्या आपुलकीने बोलतायत, आणि उजवा हात तर शाबूत आहे. करा सही.