म्हणे खेळता आलं नाही की कोच होतात!

आज पोराच्या आइस हॉकीच्या प्रॅक्टिसला रिंकवर कुडकुडत बसले होते, शेजारी आपल्यातलेच एक गृहस्थ. कोचने त्यांच्या मुलाला डिफेन्सच्या पहिल्या पेअरमधून (जोडीतून) तिसऱ्या पेअरमध्ये टाकलं म्हणून धुसफुसत होते. मला म्हणतात, "स्वतःला खेळता येत नाही ना, तेच कोच होतात." वर हसले. पोरं समोर होती म्हणून गप्प बसले, पण घरी येईस्तोवर डोक्याचं पार दही झालं.

अहो, बॉस्टनमध्ये राहता ना? मग डेव्हिड क्विन कोण ते तरी विचारा कुणाला. ऱ्होड आयलंडचा पोरगा, डिफेन्समन, म्हणजे बचावाचा खेळाडू. १९८४ च्या एनएचएल ड्राफ्टमध्ये (एनएचएल म्हणजे इथली सर्वांत मोठी प्रो हॉकी लीग, आणि ड्राफ्टमध्ये टीम्स पाळीपाळीने नवीन पोरं निवडतात) मिनेसोटा नॉर्थ स्टार्सनी तेराव्या नंबरवर उचललेला! त्यानंतर कॉलेज हॉकी खेळला बॉस्टन युनिव्हर्सिटीत, कोच जॅक पार्करच्या हाताखाली. समोर १९८८ चं ऑलिंपिक, पुढे एनएचएल, आणि ऐन वेळी निदान काय तर हिमोफिलिया बी. रक्त गोठवणारं फॅक्टर नाइन कमी. मुका मार लागला तरी आत सांध्यात रक्त साचत राहतं. आणि डिफेन्समनचं काम काय, तर समोरून येणारा पक (रबराची चकती) अंगावर घ्यायचा, रिंकच्या कडेच्या बोर्डाला धडका द्यायच्या न् खायच्या. संपलंच की हो सगळं.

आमच्या मावसभावाला हेच होतं. सातारला दादाचा गुडघा नारळाएवढा सुजायचा, मावशी रात्रभर बर्फ लावत बसायची, फारच झालं की प्लाझ्मा चढवायला पुण्याला. शाळेत पीटीच्या सरांनी त्याला खो-खोतून काढलं आणि गुण लिहायला बसवलं. काढलं ते बरोबरच होतं, त्यात वाद नाही.

क्विनने सुद्धा लगेच हार नाही मानली. उपचार घेऊन १९९१-९२ मध्ये परत उतरला, खालच्या लीगमध्ये बिंगहॅम्टनला खेळला, मग क्लीव्हलंडला. एनएचएलची एकही मॅच नशिबात नव्हती. मग नॉर्थईस्टर्न कॉलेजला असिस्टंट कोच, तिथून नेब्रास्का-ओमाहा, मग परत आपल्याच कॉलेजात पार्करचा असिस्टंट. बॉस्टन युनिव्हर्सिटीची २००९ ची कॉलेज हॉकीची फायनल आठवते का कुणाला? शेवटच्या मिनिटाला १-३ ने मागे, दोन गोल मारून बरोबरी आणि ओव्हरटाइममध्ये कोल्बी कोहेनचा गोल. तो पण डिफेन्समनच बरं का!

दादाचं सांगते पुढे. गुण लिहायच्या वहीच्या मागच्या पानावर तो खांबापासून रेघा काढून ठेवायचा. कोण खांबाला वळताना पाय घसरवतो, कोण खो द्यायला उशीर करतो, कोण कायम डावीकडेच हुलकावणी देतो. मॅचच्या आधी पोरं चोरून त्याच्याकडे यायची. सर? सरांनी ती वही एकदा उघडून नाही बघितली. आज हे टाइप करताना पण राग येतोय मला, काय हरकत होती हो बघायला.

म्हणून २०१३ मध्ये पार्कर निवृत्त झाल्यावर बॉस्टन युनिव्हर्सिटीने क्विनला हेड कोच केलं, ते मला फार आवडलं. पहिल्या सीझनला फक्त दहा विजय. दुसऱ्या वर्षी थेट फायनल, जॅक आयकेलसारखा स्टार टीममध्ये, ३-२ ने पुढे, आणि आमच्या गोलीने (गोलकीपरने) हातात आलेला पक स्वतःच्याच जाळ्यात सोडला. शेवटी ४-३ ने हरले, तेही प्रॉव्हिडन्सकडून, म्हणजे क्विनच्याच ऱ्होड आयलंडच्या टीमकडून. घरात टीव्हीसमोर आम्ही कुणी बोलेना.

मान्य, पुढे तो एनएचएलच्या न्यूयॉर्क रेंजर्सचा हेड कोच झाला आणि त्यांनी २०२१ मध्ये काढला त्याला. नंतर एनएचएलच्याच सॅन होजेने पण काढला, टीम लीगमध्ये तळाला होती, तेही मान्य. पण ग्रेझलिक आणि मॅकॲव्हॉय, दोघंही डिफेन्समन, दोघंही कॉलेजात त्याच्या हाताखालून आपल्या बॉस्टनच्या एनएचएल टीममध्ये, ब्रुइन्समध्ये गेले. रेंजर्सच्या ॲडम फॉक्सने २०२१ ची नॉरिस ट्रॉफी (एनएचएलच्या सर्वोत्तम डिफेन्समनची) घेतली त्या सीझनला रेंजर्सचा कोच कोण होता बघा जरा.

दादा आता बँकेत आहे. माझ्या पोराचे व्हिडिओ पाठवते त्याला. हॉकीतलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण परवा फोनवर म्हणाला, "अगं, तो मागे सरकताना समोरच्याच्या काठीकडे बघतो, म्हणून फसतो. छातीकडे बघायला सांग त्याला." आज कोच पोराला हेच सांगत होता, काठीने त्याच्या छातीवर टकटक करून.

आणि हो, क्विनने स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) किती जिंकले ते कमेंटमध्ये विचारू नका. हेड कोच म्हणून शून्य. माहितीय मला.