बाटलीतलं तीर्थ

गणपती तोंडावर आले की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश हमखास फिरतो. यंदा तो तिघांनी टाकला, त्यातल्या एकाने तर खाली हिरव्या बदामांची रांग लावून. मजकूर थोडक्यात असा: एक भाग गूळ, तीन भाग संत्र्या-लिंबाच्या साली, दहा भाग पाणी, नव्वद दिवस मुरवा, ‘बायो-एन्झाइम’ तयार. मुरताना ते ओझोन सोडतं, त्यामुळे पृथ्वीचा ताप उतरतो. एक लिटर नदीत ओतलं की हजार लिटर पाणी शुद्ध होतं. विसर्जनाच्या हौदात टाकलं की मूर्ती विरघळते. घरातले सगळे जंतू मरतात, झाडांना खत मिळतं. आणि हे सगळं फुकट, कचऱ्यातून.

आधीच सांगते, माझ्या सिंकखाली या घडीला पाच बाटल्या आहेत. चार वर्षं करतेय. तेव्हा हे लिहिणारी बाई विरोधी पक्षातली नाही. पण या संदेशात एक खरी गोष्ट आणि पाच थापा अशा काही एकत्र मुरल्यात की वेगळ्या काढल्याशिवाय राहवत नाही.

बाटलीत नेमकं होतं काय, ते पाहू. गुळातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. मग दुसरे जिवाणू त्या अल्कोहोलचं ॲसिटिक आम्ल करतात, थोडं लॅक्टिक आम्लही तयार होतं. म्हणजे हाती लागतं ते घरगुती, संत्र्याच्या वासाचं, पातळसं व्हिनेगर. थायलंडच्या रोसुकॉन पूम्पानवाँग यांच्यामुळे ही कृती जगभर गेली, पण आंबवण्याचं शास्त्र आपल्या इडली-आंबोळीच्या घरांना काही नवीन नाही. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करावं लागतं, कारण आत गॅस साठतो. पहिल्या वर्षी मी चार दिवस नाशिकला लग्नाला गेले आणि विसरले. परत आले तर प्लास्टिकची बाटली पोट फुगवून बसलेली. झाकण फिरवलं तसं ते हातातून सुटलं ते थेट छताला लागलं. काचेच्या बरणीत हे करू नका, हे त्या दिवशी कळलं.

आता त्या ‘फुस्स’ला संदेशवाले ओझोन म्हणतात. तो कार्बन डायऑक्साइड असतो. ओझोन तयार व्हायचा तर ऑक्सिजनचा रेणू फोडावा लागतो, आणि त्याला २४० नॅनोमीटरपेक्षा आखूड लांबीचे अतिनील किरण लागतात, नाहीतर विजेची ठिणगी. सिंकखाली गूळपाण्यात यातलं काहीच नसतं. आणि समजा झाला असता, तरी तो घरात कुणाला हवाय? आपलं रक्षण करणारा ओझोनचा थर जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर वर आहे. खाली, नाकाशी असलेला ओझोन हा फुप्फुसांना त्रास देणारा प्रदूषक आहे. आपल्या हवेच्या गुणवत्ता निर्देशांकात जे आठ घटक मोजतात त्यात त्याचं नाव आहे. शिवाय त्या थराला भगदाड पडलं ते क्लोरोफ्लुरोकार्बनसारख्या रसायनांमुळे, आणि ते १९८७च्या मॉन्ट्रियल करारानंतर आवरायला लागलं. संत्र्याच्या सालींचा त्यात हात नव्हता.

उलट बाजूनेही कुणी घाबरायला नको. शंभर ग्रॅम गुळातून फार तर चाळीसेक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटेल, आणि तोही उसाने गेल्या वर्षी हवेतूनच घेतलेला. पृथ्वी तापत नाही, थंडही होत नाही. हा मुद्दा इथेच सोडते.

मला खरं भांडायचंय ते नदीवरून.

नदीचं पाणी घाण होतं म्हणजे त्यात कुजणारा माल वाढतो. तो खायला जिवाणू येतात, आणि खाताना पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन वापरतात. ऑक्सिजन संपला की मासे गुदमरतात, पाणी काळं पडतं, वास सुटतो. पाण्याची ही ऑक्सिजनची भूक मोजतात तिला बीओडी म्हणतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार अंघोळीच्या लायक पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि विरघळलेला ऑक्सिजन किमान ५ मिलिग्रॅम हवा.

आता आपली बाटली घ्या. एक लिटर तयार एन्झाइममध्ये २० ग्रॅम आम्ल उरलंय असं धरू. लिटरभर पाण्याला शंभर ग्रॅम गूळ घातलाय, तेव्हा हा अंदाज काही फुगवलेला नाही. ६० ग्रॅम ॲसिटिक आम्ल पुरतं कुजायला ६४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. म्हणजे आपल्या बाटलीला साधारण २१ ग्रॅम. स्वच्छ पाण्यात, २५ अंशाला, लिटरमागे ऑक्सिजन असतो जेमतेम ८ मिलिग्रॅम. करा भागाकार: एक लिटर एन्झाइमची भूक भागवायला अडीच हजार लिटरहून जास्त स्वच्छ पाण्यातला सगळाच्या सगळा ऑक्सिजन लागेल. संदेश म्हणतो हजार लिटर शुद्ध होतं. कागदावरचं गणित म्हणतं, त्याच्या अडीचपट पाणी गुदमरतं.

वाहत्या पाण्यात हवेतून नवा ऑक्सिजन मिसळत राहतो, त्यामुळे तुमच्या चार बाटल्यांनी मुठा मरणार नाही. (ती बिचारी शहराचं सांडपाणी पोटात घेऊन आधीच अर्धमेली आहे.) पण छोट्या साठलेल्या तळ्यात शंभर घरांनी एकाच सकाळी, फोटो काढत, शंभर लिटर ओतलं तर तिथल्या माशांचं काय? घाणेरड्या नदीत आणखी कुजणारा माल घालणं हे, हागवण लागलेल्याला एरंडेल पाजण्यासारखं आहे.

‘पण आम्ही नाल्यात ओतलं आणि वास गेला की!’ जातो, थोडा वेळ. आम्लाने अमोनियाचं मीठ बनतं, मग तो नाकापर्यंत उडत नाही. वर संत्र्याचा सुगंध. नाल्यात येणारं मैलापाणी मात्र चालूच असतं. दोन दिवसांनी पुन्हा त्याच पुलावरून जा.

विसर्जनाच्या हौदाचं तर अगदी उलटं आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे कॅल्शियम सल्फेट. पाणी लागलं की त्याचं जिप्सम होतं, आणि ते असल्या सौम्य आम्लाला दाद देत नाही. एन्झाइमने बाहेरचा रंग सैल होईल, आतला गणपती तसाच बसून राहील. त्यावर खरंच चालणारी कृती पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली आहे: पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट. त्याने मूर्ती काही दिवसांत विरघळून खाली कॅल्शियम कार्बोनेटचा गाळ बसतो आणि वर अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, जे पातळ करून खत म्हणून वापरता येतं. आणि या बायकार्बोनेटच्या पाण्यात कुणी भक्तिभावाने एन्झाइम ओतलं तर? बायकार्बोनेट आणि आम्ल एकमेकांनाच खाऊन टाकतात. भरपूर फेस येतो, लोकांना वाटतं काम चाललंय, आणि मूर्तीच्या वाट्याचं रसायन वाया जातं. शाडूची मूर्ती आणली तर हा उपद्व्यापच नको, साधं पाणी पुरतं.

जंतूंबद्दल दोनच गोष्टी. हातावर घ्यायच्या सॅनिटायझरमध्ये निदान ६० टक्के अल्कोहोल लागतं; आपल्या बाटलीत ते नावापुरतं असतं. घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले असतील तर संडास एन्झाइमच्या भरवशावर ठेवू नका. आणि दुसरी, ही नीट वाचा: हे आम्ल आहे, ते ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात किंवा कुठल्याही क्लोरीनवाल्या द्रावणात मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो. दार बंद करून बाथरूम घासणाऱ्या बाईच्या छातीत तो जातो.

मग ते चालतं कशाला? बोअरच्या पाण्याने नळावर, बादलीच्या कडांवर जो पांढरा क्षार बसतो ना, त्याला. क्षार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याला व्हिनेगर चालतं तसंच हेही. फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने घासा. काचेला, बेसिनला, सिरॅमिकच्या फरशीला छान. भांडी घासायला लोक वापरतात त्यात रिठ्याचा काढा घातलेला असतो. फेस आणि तेलकटपणा काढायचं काम रिठ्याचं, श्रेय एन्झाइमला. रिठ्याने आजी दागिने आणि रेशमी साड्या धूत होती, तेव्हा गूळ कुणी नव्वद दिवस मुरवला नव्हता.

पण जे क्षार खातं ते तुमचा ओटाही खातं. कडप्पा, शहाबाद, कोटा हे सगळे चुनखडीचे दगड, संगमरवरही त्याच कुळातला. माझ्या कडप्प्याच्या ओट्यावर गॅसच्या डावीकडे तळहाताएवढा पांढुरका, खरखरीत डाग आहे. रात्री एन्झाइमचं फडकं तिथे ठेवून झोपले होते. तेल चोळलं की दोन दिवस लपतो, मग पुन्हा वर येतो. संदेशात लिहिलेलं होतं, ‘सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित’.

झाडांना द्यायचं तर लिटरभर पाण्यात एक-दोन मिली, त्याहून जास्त नको. इतकं पातळ केल्यावर त्यात खत म्हणावं असं फारसं उरत नाही. नुकसान नाही एवढंच. माझ्या एका मोगऱ्याला मी सुरुवातीच्या उत्साहात चमचाभर तसंच घातलं होतं. पानांच्या कडा करपल्या, आठवड्याने कळ्या गळल्या.

राहिलं ‘फुकट’ आणि ‘कचऱ्यातून’. तीनशे ग्रॅम सालींना शंभर ग्रॅम गूळ लागतो. तो काही कचरा नव्हे. उसाचं पीक शेतात बारा ते अठरा महिने पाणी पीत उभं असतं, आणि आपण तो गूळ नळाचा क्षार काढायला घालतो. आणि गंमत अशी की नव्वद दिवसांनी गाळल्यावर साली गाळणीत तशाच असतात, थोड्या मऊ आणि फिक्या. त्या शेवटी कुठे जातात? कंपोस्टच्या कुंडीतच.

तर मग सरळ तिथेच टाका ना. माझ्या गॅलरीत भोकं पाडलेले दोन मातीचे माठ आहेत. ओल्या कचऱ्याचा एक थर, त्यावर वाळक्या पानांचा दुप्पट जाड थर, वर मूठभर जुनं खत. मूठ आवळली की ओल लागावी, पण थेंब पडू नये. वास आला तर समजायचं पानं कमी पडली. संत्र्याच्या सालीतलं तेल कुजणं लांबवतं म्हणून त्या आधी बारीक कापून दोन दिवस उन्हात वाळवायच्या, आणि एकाच दिवशी ढीगभर टाकायच्या नाहीत. हवा खेळती राहिली की मिथेन होत नाही. तोच कचरा डेपोच्या ढिगाऱ्यात दाबला गेला की हवेअभावी मिथेन बनतो, आणि तो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ अठ्ठावीसपट उष्णता धरून ठेवतो. पृथ्वीच्या तापाशी आपल्या सालींचा संबंध असेल तर तो इथे आहे, झाकणाच्या ‘फुस्स’मध्ये नाही.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं असतं तर कुणी वाचलं नसतं. मी एवढंच टाकलं: ‘हौदात आणि नदीत नको, नळांना वापरा. माझ्याकडे दोन बाटल्या जास्तीच्या आहेत, ज्यांना हव्यात त्यांनी घेऊन जा. कडप्प्यावर सांडू नका.’ संध्याकाळपर्यंत दोन्ही गेल्या.