बोलणाऱ्या माणसाचं पुढे काय झालं?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याला शोधपत्रकारितेचा पुरस्कार मिळाला. मजुरांना कर्जात अडकवून डांबून ठेवणाऱ्या एका मालकावरची मालिका होती. मी तेव्हा डेस्कवर होते, निम्मे भाग माझ्याच हाताखालून गेलेले. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ऑफिसच्या फोनवर एका बाईंचा फोन आला. मालकाची हिशेबाची वही याच बाईंनी एका रात्रीपुरती बाहेर आणून दिली होती. त्या वहीवरच सगळी मालिका उभी राहिली. त्यांनी आधी अभिनंदन केलं. मग आवाज एकदम खाली आणून विचारलं, "ताई, कालच्या कार्यक्रमात माझं नाव कुणी घेतलं नाही ना?"

नव्हतं घेतलं. तसं सांगितल्यावर "बरं झालं" म्हणून त्यांनी फोन ठेवला. आणि मला जाणवलं की मालिका छापून वर्ष होत आलंय, पण या बाई आता कुठे राहतात, त्यांना काम मिळतंय का, यातलं काही आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नाही.

तेव्हापासून अशा पुरस्कारांची बातमी वाचली की माझं लक्ष तिकडेच जातं. पुरस्कार द्यायलाच हवेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. महिनोन् महिने एका विषयामागे राहणं, नोटिसा झेलणं, संपादकाला पुन्हा पुन्हा पटवणं हे काय असतं ते मी जवळून पाहिलंय. पण परीक्षक बातमीची भाषा बघतात, कागदपत्रं बघतात, परिणाम बघतात: कुणाला अटक झाली, कुठला कायदा बदलला. ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं पुढे काय झालं, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते अन्यायाला वाचा फोडणाऱ्या कामाचा दर्जा ठरवताना हा प्रश्न आधी यायला हवा.

हे अशक्य नाही, याचं माझ्याकडचं सर्वात पक्कं उदाहरण असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या चार महिला पत्रकारांचं आहे. इंडोनेशियातल्या एका बेटावर, बेंजिना नावाच्या गावात, मासेमारीच्या धंद्यात गुलामांसारखी राबवली जाणारी माणसं त्यांना सापडली. बहुतेक म्यानमारची. काही जण तर गंजलेल्या गजांच्या पिंजऱ्यात कोंडलेले. ते मासे जहाजातून थायलंडला कसे जातात आणि तिथून अमेरिकेतल्या सुपरमार्केटपर्यंत कसे पोचतात, याचा माग त्यांनी उपग्रहावरून जहाज टिपून आणि रात्री ट्रकांचा पाठलाग करून काढला. एवढी मोठी बातमी हातात होती. तरीही ज्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, त्यांची माहिती त्यांनी आधी आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटनेला कळवली. त्या माणसांना पोलिसांनी तिथून सुरक्षित हलवलं, आणि मग मार्च 2015 मध्ये बातमी प्रसिद्ध झाली. डेस्कवर काम केलेल्या कुणालाही विचारा, हाती आलेली बातमी थांबवून ठेवणं किती जड जातं! पुढे 2000 हून अधिक माणसं सुटली. एक जण 22 वर्षांनी आपल्या आईला भेटला. अमेरिकेतल्या पत्रकारितेचा सर्वात मानाचा पुरस्कार म्हणजे पुलित्झर. 2016 चं लोकसेवेचं पुलित्झर या कामाला मिळालं. मला विचाराल तर त्या ज्या दिवशी बातमी थांबवून बसल्या, त्या दिवसासाठीच ते मिळायला हवं होतं.

याच्या उलट चित्रही आहे, आणि ते मला अस्वस्थ करतं. माल्टाच्या शोधपत्रकार डॅफ्नी कारुआना गालिझिया यांची 16 ऑक्टोबर 2017 रोजी कारबॉम्बने हत्या झाली. त्यांच्या नावाने युरोपीय संसद 20,000 युरोचा पुरस्कार देते. 2023 मध्ये तो ग्रीसच्या किनाऱ्याजवळ बुडालेल्या स्थलांतरितांच्या बोटीवरच्या शोधकामाला मिळाला. त्या बोटीवर काही शे माणसं होती, वाचली फक्त 104. तटरक्षक दलाच्या भूमिकेवर प्रश्न उभे करणारं हे काम वाचलेल्यांच्या जबान्यांवर आधारलेलं होतं. पुरस्कार अगदी योग्य. पण तो जाहीर झाला तेव्हा वाचलेल्यांपैकीच नऊ जण स्थलांतरितांची बेकायदा वाहतूक केल्याच्या आरोपाखाली तुरुंगात होते. मे 2024 मध्ये ग्रीक न्यायालयाने आपल्याला अधिकारक्षेत्रच नाही म्हणून खटला काढून टाकला, तेव्हा कुठे ते सुटले. पत्रकारांचा यात काडीचा दोष नाही. तरी त्या व्यासपीठावरून या नऊ जणांबद्दल दोन वाक्यं बोलली गेली असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

यावर एक जुने संपादक मला म्हणाले, "अगं, सूत्रांची नावं व्यासपीठावर कशी घेणार? त्यांनाच धोका." अगदी खरं. त्या बाईंचा फोन मी विसरलेले नाही. पण नाव न घेताही विचारता येतं. प्रवेशिकेत एक रकाना हवा: माहिती देणाऱ्यांना कोणते धोके होते, बातमीनंतर सहा महिन्यांनी त्यांची स्थिती काय आहे. पुरस्काराच्या रकमेतला काही भाग त्यांच्या वकिलासाठी किंवा राहण्याच्या सोयीसाठी राखूनही ठेवता येईल. आणि ज्यांना स्वतःहून समोर यायचं आहे त्यांचा मान उघडपणे करावा. अमेरिकेत पोलिसाच्या गुडघ्याखाली झालेला जॉर्ज फ्लॉइड यांचा मृत्यू मोबाइलवर टिपणारी डार्नेला फ्रेझियर तेव्हा 17 वर्षांची होती. 2021 मध्ये पुलित्झर मंडळाने तिचा विशेष गौरव केला. ती पत्रकार नव्हती, हे कुठेही आड आलं नाही.

यंदा एका छोट्या पुरस्काराच्या परीक्षक मंडळावर मला बोलावणं आलंय. होकार देण्याआधी आयोजकांना मेल केलाय की फॉर्ममध्ये हा रकाना घालाल का. अजून उत्तर नाही. आलं की इथेच लिहीन.