पाळकांनी उमेदवाराचं नाव घ्यावं का?

निवडणूक जाहीर झाली की पुण्यातल्या ख्रिस्ती मंडळींत तोच वाद पुन्हा सुरू होतो. कॅम्प, नाना पेठ, खडकी, दापोडी, वडगाव शेरी, कुठल्याही चर्चचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडा. एक बाजू म्हणते, पाळकांनी किंवा फादरांनी सरळ सांगून टाकावं कुणाला मत द्यायचं ते. आपण आधीच मूठभर, त्यात मतं फुटली तर आपल्याला विचारतो कोण? दुसरी बाजू म्हणते, चर्चमध्ये राजकारणाचा शब्दही नको. त्यात भर घालतो आम्ही परदेशातले लोक. अमेरिकेतल्या उपदेशांचे व्हिडिओ आणि ‘खरा ख्रिस्ती अमुक पक्षाला मत देऊच शकत नाही’ असले मजकूर इथून पुण्यात धाडले जातात. न्यू जर्सीत राहून दोन्हीकडचे वाद पाहताना माझं मत पक्कं झालं आहे. इथले निष्कर्ष पुण्याला पाठवू नयेत. पाठवण्यासारखी इथे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मत तोलायची रीत. पुलपिटावरून, म्हणजे चर्चमधल्या उपदेशाच्या व्यासपीठावरून, नाव तर कुणाचंच येऊ नये.

अमेरिकेत १९५४ पासून कायदा असा आहे की करसवलत घेणाऱ्या संस्थेनं, म्हणजे चर्चनंही, कुठल्याही उमेदवाराच्या बाजूनं किंवा विरोधात प्रचार करायचा नाही. जुलै २०२५ मध्ये इथल्या कर खात्यानं टेक्सासमधल्या एका खटल्यात भूमिका घेतली की उपासनेच्या वेळी पाळकांनी आपल्या मंडळीशी उमेदवारांबद्दल बोलणं या बंदीत येत नाही. बातमी पुण्यात पोचली ती ‘अमेरिकेत आता चर्चला मोकळीक’ अशी. लगोलग अमेरिकेतल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनं जाहीर केलं, की आम्ही उमेदवारांना पाठिंबा देत नाही आणि देणारही नाही. ती बातमी मात्र मागे राहिली. मला ती जास्त महत्त्वाची वाटते, कारण ज्यांना बोलायची मुभा मिळत होती त्यांनीच ती नको म्हटलं.

त्यामागचं कारण इथे राहिल्यावर दिसतं. गेल्या काही अध्यक्षीय निवडणुकांत गोऱ्या इव्हँजेलिकल (पवित्र शास्त्राच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट) मतदारांपैकी दहातले साधारण आठ रिपब्लिकन उमेदवाराकडे गेले. कृष्णवर्णीय प्रोटेस्टंट तितक्याच ठामपणे डेमोक्रॅट उमेदवाराकडे गेले. दोघांच्या हातात तेच पवित्र शास्त्र. एक जण गर्भातल्या जिवाचा विचार आधी करतो, दुसरा मताधिकारासाठी लाठ्या खाल्लेल्या आजोबांचा. यातला कोण कमी ख्रिस्ती, हे मी तरी ठरवणार नाही. पण पाळकांनी नाव घेतलं की वेगळं मत असलेला माणूस हळूहळू त्या चर्चमध्ये यायचाच बंद होतो, आणि काही वर्षांनी मंडळी एका पक्षाची शाखा होऊन बसते.

आता पाठवण्यासारखी जी रीत म्हणालो ती. २००४ मध्ये कार्डिनल राट्झिंगर (पुढे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांनी अमेरिकेतल्या बिशपांना एक पत्र पाठवलं. प्रश्न होता गर्भपाताला मोकळीक देऊ पाहणाऱ्या उमेदवाराला मत देण्याचा. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. उमेदवाराच्या त्याच भूमिकेसाठी त्याला मत दिलं, तर मतदार त्या कृत्यात सामील होतो. ती भूमिका न पटता, इतर कारणांसाठी मत दिलं, तर तो दूरचा सहभाग ठरतो, आणि तितकंच वजनदार कारण असेल तर तो चालू शकतो. म्हणजे हेतू तपासा, आणि समोरच्या पारड्यात काय आहे ते प्रामाणिकपणे मोजा. उत्तर मतदाराकडेच ठेवलं आहे. प्रोटेस्टंट मंडळींनाही ही रीत वापरायला काही अडचण नाही.

या रीतीत मी आणखी एक पायरी घालीन, जी पुण्यात बहुधा सुटते. ज्या गोष्टीवरून मन पेटलं आहे, ती गोष्ट या निवडणुकीतून बदलू शकते का? अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०२२ च्या निकालानं गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे परत गेला. त्यामुळे या प्रश्नावर आता राज्याच्या विधिमंडळाचं मत आधी तोलावं लागतं. आपल्याकडे गर्भपाताचा कायदा १९७१ चा, संसदेचा, २०२१ मध्ये सुधारलेला. पुण्यातला कुठलाच पक्ष त्यावर मतं मागत नाही. तरी इथले व्हिडिओ पाहून तिथे कुणी नगरसेवकाचं मत त्यावर ठरवू लागला, तर ते मत वाया गेलं. दफनभूमीची जागा, तिथलं पाणी, रस्ता, दिवे हे महापालिकेचं काम. धर्मांतराबाबतचा कायदा विधानसभेचा. अनुसूचित जातींच्या यादीत कोण, हा प्रश्न संसदेचा.

या शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबायला हवं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातला तिसरा परिच्छेद सांगतो, की हिंदू, शीख किंवा बौद्ध नसलेल्या व्यक्तीला अनुसूचित जातीचं मानलं जाणार नाही. शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. ख्रिस्ती बाहेरच राहिले. पुणे कॅन्टोन्मेंट विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जातींसाठी राखीव आहे, आणि शहरातली कितीतरी जुनी चर्चेस कॅम्प भागातच आहेत. तिथला दलित ख्रिस्ती माणूस आपल्या आमदाराला मत देऊ शकतो, स्वतः उभा राहू शकत नाही. रंगनाथ मिश्रा आयोगानं ही अट काढायची शिफारस केली, २००७ मध्ये. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला गेला. ख्रिस्ती विवेकाला पुण्यात कुठे सगळ्यात जास्त टोचायला हवं असं कुणी विचारलं, तर मी इथे बोट ठेवीन. लोकसभेचा उमेदवार चर्चच्या दारात आला की त्याला या तिसऱ्या परिच्छेदाबद्दल विचारा. मराठी ख्रिस्ती समाजातही हा विषय संकोचानं टाळला जातो, याचं मला वाईट वाटतं.

दारात येणारे बहुतेक वेळा वेगळंच काही घेऊन येतात. नाताळात शुभेच्छांचा फ्लेक्स, आणि निवडणूक जवळ आली की चर्चच्या आवारात पेव्हिंग ब्लॉक. नगरसेवकाच्या ‘स’ यादीतला, म्हणजे प्रभागातल्या कामांसाठी त्याच्या नावे ठेवलेला, पैसा हा करदात्यांचा पैसा आहे. त्यातून काम झालं तर धन्यवाद द्यावेत, पण ते उपकार नव्हेत. चर्चचा कारभार पाहणाऱ्या पाळकीय समितीनं त्या बदल्यात मंडळीच्या मतांचा शब्द देणं तर सरळ चुकीचं आहे. मतं समितीच्या मालकीची नाहीत. शिवाय महापालिकेच्या बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा जागांसाठी चार मतं असतात. सगळी एकाच पॅनेलला द्यायची सक्ती नाही, प्रत्येक जागेचा उमेदवार वेगळा तोला.

तोलायचं साहित्य हाताशी आहे. लोकसभा-विधानसभेच्या प्रत्येक उमेदवाराला नमुना २६ चं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचता येतं. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला, मोशेला, कारभारी कसे निवडावेत ते सांगतो: कर्तबगार, देवाचं भय बाळगणारे, खरे, लाचेचा तिटकारा करणारे. ही कसोटी डोक्यात ठेवून प्रतिज्ञापत्र वाचा. इथे चूक होते ती गुन्हे नुसते मोजण्यात. आठ गुन्हे असलेला माणूस पाणीप्रश्नावर रस्त्यात बसलेला असू शकतो. कलमं पाहा. जुन्या दंडसंहितेचं १८८ किंवा १४३, म्हणजे जमावबंदी मोडणं आणि बेकायदा जमाव, आंदोलकांवर सर्रास लागतात. १५३अ म्हणजे दोन समाजांत तेढ पसरवणं. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांत त्याचाच क्रमांक भारतीय न्याय संहितेत १९६ आहे. जुने आकडे पाठ असलेल्यांच्या नजरेतून नवे निसटतात. आरोप निश्चित झाले आहेत का, तेही तिथेच लिहिलेलं असतं. मालमत्ता मागच्या प्रतिज्ञापत्राशी ताडून पाहा. सरकारी घराचं भाडं, वीज, पाणी यांची थकबाकीही द्यावी लागते.

पाळकांसाठी कायद्याची बाजू स्पष्ट आहे. १९८८ च्या धार्मिक संस्थांच्या गैरवापराबाबतच्या कायद्यानुसार चर्चची जागा राजकीय प्रचाराला वापरू देणाऱ्या व्यवस्थापकाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आणखी बारीक आहे: अमक्याला मत दिलंस तर देवाचा कोप होईल किंवा मंडळीतून शिस्तभंग होईल अशी भीती मतदाराला घालणं हा भ्रष्ट मार्ग आहे. उमेदवाराच्या संमतीनं तसं झालं तर त्याची निवडच रद्द होऊ शकते. अमेरिकेत २००४ मध्ये काही बिशपांनी प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा पवित्र विधी) नाकारण्याची भाषा उघडपणे वापरली. तसला व्हिडिओ पुण्यात कुणी आदर्श म्हणून दाखवला, तर पाळकांनी आधी हे कलम वाचावं.

यावर येणारा सगळ्यात गंभीर आक्षेप मी टाळणार नाही. प्रार्थनासभांवर हल्ले होत असताना गप्प बसायचं? जर्मनीतल्या कॅथलिक बिशपांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये एकमतानं सांगितलं, की वंशवादी राष्ट्रवाद आणि ख्रिस्ती श्रद्धा एकत्र नांदू शकत नाहीत, आणि त्यांनी एएफडी या अतिउजव्या पक्षाचं नाव घेतलं. आपल्याकडे गांधीनगरच्या आर्चबिशपांनी २०१७ मध्ये राष्ट्रवादी शक्तींपासून देश वाचवण्यासाठी प्रार्थना करा असं पत्र काढलं, तर जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांची नोटीस आली. लोकसंख्येच्या एक टक्का असलेल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजानं जर्मनीची नक्कल करावी असं मला वाटत नाही. पण कृत्याचं नाव घ्यायला कुणाची बंदी नाही. प्रार्थनासभा उधळणं, झुंडीनं मारणं, कुणाही शेजाऱ्याला, मग तो मुसलमान असो वा दलित, धमकावणं, हे पाप आहे असं पुलपिटावरून वर्षभर सांगा, निवडणूक नसतानाही. चिन्हाचा उल्लेख न करता ऐकणाऱ्याला काय तोलायचं ते कळतं.

आणि परदेशातल्या मित्रांसाठी एक. भारतीय नागरिकत्व टिकवलं असेल, तर नमुना ६अ भरून पासपोर्टवरच्या पुण्याच्या पत्त्यावर मतदार यादीत नाव नोंदवता येतं. टपालानं किंवा ऑनलाइन मत मात्र देता येत नाही. मूळ पासपोर्ट घेऊन मतदानाच्या दिवशी केंद्रावर स्वतः जावं लागतं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी पुढचा व्हिडिओ पाठवण्याऐवजी आपल्या मंडळीतल्या अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींना नमुना ६ भरायला मदत करावी. वर्षातून चार पात्रता दिनांक (ज्या तारखेला अठरा पूर्ण हवीत ते) असतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर.