क्ष = ७ आलं, पण मग घ्यायचं काय?

परवा भाची गणिताचा तपासलेला पेपर घेऊन आमच्या बडोद्यातल्या दांडिया बाजारच्या घरी आली. नवरात्र तोंडावर आलेलं, त्यामुळे प्रश्नही गरब्याच्या चणियाचोळीचा. भाड्याने घेतली तर रात्रीचे ३५० रुपये. विकत घेतली तर २१००, शिवाय दर रात्रीमागे धुलाई-इस्त्रीचे ५०. किती रात्रींना दोन्ही खर्च सारखे? तिने सुरेख मांडलं होतं: ३५०क्ष = २१०० + ५०क्ष, म्हणून ३००क्ष = २१००, क्ष = ७. पैकीच्या पैकी गुण.

मी विचारलं, "मग तू भाड्याने घेशील की विकत?"

"मावशी, ते विचारलंच नव्हतं."

हे मला फार लागलं. बावीस वर्षं मी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते आहे. समीकरण सोडवायला मुलं डगमगत नाहीत. पण सात म्हणजे पारडं जिथे फिरतं ती जागा, हे त्यांना कुणी सांगत नाही. सहा रात्री नाचलात तर भाडं २१०० आणि विकतचा खर्च २४००. नऊच्या नऊ रात्री गेलात तर भाडं ३१५०, विकत २५५०. हा निर्णय घेता यावा म्हणून तर समीकरण मांडायचं!

आणि खरी कसोटी मांडताना लागते. वर्गात मी हेच उदाहरण दिलं आणि दुकानदार हजार रुपये अनामत घेतो असं जोडलं. निम्म्या मुलांनी ते हजार भाड्यात मिळवले. परत मिळणारे पैसे खर्चात धरायचे का, यावर अर्धा तास वाद रंगला. चणियाचोळी फाटली तर? तो अर्धा तास मला दहा सोडवलेल्या उदाहरणांपेक्षा मोलाचा वाटतो.

भाच्याच्या मुंजीच्या पत्रिकांचंही असंच झालं. डिजिटल छपाईत एक पत्रिका १२ रुपयांना. ऑफसेट छपाईत ४ रुपयांना, पण प्लेट आणि मशीनच्या तयारीचे २४०० आधी मोजायचे. एक छापा की हजार, ते २४०० सुटत नाहीत. भाऊ चार रुपयांवर भाळला होता. १२क्ष = २४०० + ४क्ष, क्ष = ३००. आम्हाला हव्या होत्या १८०. डिजिटलवर २१६० रुपयांत काम झालं, ऑफसेटला ३१२० लागले असते.

उत्तर ऋण आलं की मुलं गोंधळतात. पोहण्याच्या एका क्लासची प्रवेश फी ५००, महिना ४००. दुसऱ्याची ८०० आणि ४५०. क्ष = –६ येतं. मुलं 'वजा सहा महिने' लिहून खाली दोन रेघा ओढतात आणि पुढच्या प्रश्नाला लागतात. अरे, पहिला क्लास पहिल्या दिवसापासूनच स्वस्त आहे, बरोबरी कधी होणारच नाही, हे ते उत्तर ओरडून सांगतंय!

हा प्रकार काही परदेशी पाठ्यपुस्तकांतून आलेला नाही. इ.स. ११५० च्या सुमाराच्या भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'त एक उदाहरण आहे. एकाकडे ३०० रुपये आणि सहा घोडे, दुसऱ्याकडे तसेच दहा घोडे पण डोक्यावर १०० रुपयांचं कर्ज. दोघांची संपत्ती सारखी, तर घोड्याची किंमत काय? ६क्ष + ३०० = १०क्ष – १००, म्हणजे घोडा १०० रुपयांचा. आपण आजही 'ऋण संख्या' म्हणतो, त्या शब्दात ते कर्ज अजून बसलेलं आहे.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, माझी कळकळीची विनंती आहे. अशा प्रत्येक प्रश्नाखाली एक ओळ वाढवा: 'तुम्ही काय निवडाल आणि का?' आणि त्या 'का'ला गुण ठेवा, नाहीतर मुलं तो सोडून देतील.

भाचीला मी तेच विचारत राहिले. ती म्हणाली, "मी पाचच रात्री जाणार, सहामाही आहे. म्हणजे भाड्याने." मग जरा थांबून, "पण उरलेल्या चार रात्री ताई जाणार आहे. एकच घेऊन दोघींनी घातली तर?"

पेपर उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर तिने पुन्हा मांडायला घेतलं.