बॉट पाहावा बदलून

असाइनमेंट उद्या सकाळी दहाला द्यायची आणि आत्ता रात्रीचे साडेअकरा वाजलेत. चॅटबॉटांची तुलना करायला याहून चांगला मुहूर्त नाही. दुपारी करायला गेलात तर पणजीला पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय उघडं असतं आणि मग उगाच पुस्तकंही स्पर्धेत उतरतात. १८३२ सालापासून चालत आलेली ती संस्था. तिला प्रॉम्प्ट देता येत नाही आणि ‘किती सुंदर प्रश्न विचारलात!’ असं ती कधी म्हणत नाही. तेव्हा रात्रच बरी. मोबाइलवर चार टॅब उघडा: चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड, पर्प्लेक्सिटी. डीपसीकचं नाव वर्गातला कुणीतरी सुचवेलच. कोपायलटला बोलवावं लागत नाही, लॅबमधल्या संगणकावर तो आपणहून डोकं वर काढतो.

कसोट्यांमध्ये पहिला मान फुकटाचा. २०२५ साली भारतातल्या पोरांवर जी खैरात झाली ती पाहता गुणवत्तेचा विषय काढणं कृतघ्नपणाचंच. जुलैत एअरटेलच्या ग्राहकांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट. त्याच सुमारास गूगलकडून कॉलेजच्या विद्यार्थ्यांना जेमिनीची पैसेवाली आवृत्ती वर्षभर. ऑक्टोबरअखेर जिओवाल्यांना तीच अठरा महिने. आणि ४ नोव्हेंबरपासून महिना ३९९ रुपयांचं चॅटजीपीटी गो वर्षभर मोफत. म्हणजे कुठला बॉट हुशार हे तुमच्या सिमकार्डावर ठरलं, तुम्हाला डोकं चालवावं लागलं नाही. नोंदणी करताना ऑटोपे मागितला असेल तर तो नंतर बंद करू नका. तेराव्या महिन्यात खात्यातून पैसे गेले तरी चवथीच्या खर्चात ते खपून जातात.

हॉस्टेलात पाचजणांनी मिळून एकच खातं काढायची चाल आहे. तीही सोडू नका. बॉटची ‘आठवण ठेवायची’ सोय चालू असली की एकाचं टायट्रेशन, दुसऱ्याचा प्रेमभंग आणि तुमचं अर्थशास्त्र एकाच टोपात शिजतं. तुम्ही मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा) कायद्याबद्दल विचारावं आणि उत्तराच्या शेवटी ‘तुम्ही या कठीण काळातून सावरत असाल अशी आशा आहे’ असं यावं, यात जो आपलेपणा आहे तो कुठल्या प्राध्यापकाकडे मिळणार?

फुकट खात्याला मर्यादा असते. ती संपली की बरेचसे बॉट तुम्हाला लहान, कमी कुवतीच्या मॉडेलकडे सोपवतात. म्हणून आधी ‘हाय’, मग इन्स्टाग्रामची कॅप्शन, मग मित्राच्या फोटोचं कार्टून, आणि सगळा कोटा आटला की मगच आयएसएचा (अंतर्गत मूल्यमापनाचा) प्रश्न, हा क्रम मोडू नका.

आता प्रश्न टाकायचा. समजा विषय ‘गोव्यातील खाजन शेती’ आहे, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतली शेती. एवढंच टाका. कुठल्या तालुक्यातली, कुठल्या काळातली, किती शब्दांत, कोणत्या पुस्तकाच्या आधाराने, यातलं काही सांगायचं नाही. वर्गात दिलेल्या टिपणांचा फोटो जोडला तर उत्तर बरंच सुधारतं, म्हणून तो धोका टाळाच. चारही टॅबांतून काय येतं ते पाहा. इंटरनेटवरच्या गोव्याच्या मजकुरात समुद्रकिनारे, कॅसिनो आणि हॉटेलं यांचा भरणा. बॉट त्याच मजकुरावर वाढलेला. त्यामुळे खाजनाचा बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं की जमीन कशी नापीक होते, हे सांगता सांगता त्याची गाडी ‘भेट देण्यास उत्तम काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी’ या स्टॉपवर कधी पोचते ते कळतही नाही. ते वाक्य काढू नका. परीक्षकालाही कधीतरी सुटी घ्यायची असते.

खाजनाचा सगळा जीव ज्या मानशीत (मानस म्हणजे बांधातली पाण्याची झडप) असतो, तिथे तर खास मजा. भरतीच्या पाण्याचा दाब आला की तिची लाकडी दारं आपोआप लागतात, ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतात. तिथल्या मासळीच्या हक्काची पावणी, म्हणजे लिलाव, होते आणि त्यावरून गावात भांडणंही होतात. पण मराठीत ‘मानस’ म्हणजे मन, हे बॉटला पक्कं ठाऊक. तेव्हा ‘खाजन व्यवस्थेत स्थानिक समुदायाच्या मानसाची भूमिका महत्त्वपूर्ण आहे’ असं वाक्य मिळालं तर ते ठळक करा. खोलवर चिंतन केल्यासारखं वाटतं.

तुलना म्हणजे उत्तर पुस्तकाशी ताडून पाहणं असा काहींचा गैरसमज असतो. तसं करायचं नसतं. एका बॉटचं उत्तर दुसऱ्याशी ताडायचं आणि चौघांनी तेच सांगितलं की ते सत्य. चौघांनीही वेबवरची साधारण तीच पानं खाल्लेली असतात, हा विचार मनात आणू नका. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाबद्दल विचारून पाहा. ‘गोव्याने वेगळ्या राज्याच्या बाजूने मतदान केले’ असं छापील थाटाचं वाक्य आलं की लगेच उतरवून घ्या. त्या दिवशी पर्याय दोनच होते: फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण आणि दोन पानं म्हणजे संघप्रदेश. पानं ३४,०२१ मतांनी जिंकली. घटक राज्य व्हायला पुढे ३० मे १९८७ उजाडावा लागला. घरातल्या आजोबांना विचारलंत तर ते हे चहा पिता पिता सांगतील, शिवाय कुणी कुणाच्या भिंतीवर काय रंगवलं होतं तेही. पण आजोबांना कॉपी-पेस्ट करता येत नाही.

उत्तराबद्दल शंका आलीच तर ‘नक्की का?’ एवढं दोनदा विचारा. बॉट क्षमा मागेल आणि उलट उत्तर देईल. पुन्हा ‘नक्की का?’ विचारलंत की पहिल्यावर येईल. ही लाघवी वृत्ती प्रशिक्षणातूनच येते: माणसांनी पसंत केलेल्या उत्तरांना गुण मिळतात आणि आपण ‘हो’ म्हणणाऱ्याला पसंत करतो. एप्रिल २०२५ मध्ये चॅटजीपीटीचं एक अद्ययावतन इतकं होयबा निघालं की कंपनीला ते काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. तुम्हाला हवं ते उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायचं, हीच संशोधनपद्धती. चुकूनही नवा चॅट उघडून तोच प्रश्न, अपेक्षा न दाखवता, तीन वेळा विचारू नका. तिन्ही वेळा सनावळी वेगळी आली तर त्याला ती माहीत नाही हे उघड होतं आणि झोप जाते.

कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तर हे क्षेत्र सोन्याची खाण आहे. ‘म्हापशातल्या हिंदू माणसाने सगळी मालमत्ता मृत्युपत्राने पुतण्याला दिली, चालेल का?’ असं विचारा. बॉट पुढचा संभाव्य शब्द निवडत लिहीत जातो. ‘हिंदू’ आणि ‘वारसा’ हे शब्द एकत्र आले की त्याला १९५६ चा हिंदू वारसा कायदा आठवतो. स्वकष्टाची मालमत्ता हवी त्याला देता येते, असं तो छातीठोकपणे सांगून मोकळा होतो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, आता २०१२ चा वारसा आणि इन्व्हेंटरीचा कायदा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर अर्धी मालमत्ता मुळातच बायकोची, आणि उरलेल्यातलाही अर्धा भाग मुलांसारख्या हक्कदार वारसांसाठी राखीव. मृत्युपत्र चालतं ते फक्त बाकीच्यावर. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवेकराच्या गोव्याबाहेरच्या मालमत्तेलाही हीच संहिता लागू केली. प्रश्नात ‘गोव्याचा कायदा लावून सांग’ एवढं घातलं आणि कायद्याची पीडीएफ जोडली तर उत्तर बऱ्यापैकी नीट येतं. पण मग पुतण्याचं काय?

संदर्भसूचीसाठी बॉटासारखा हात कुणाचा नाही. दहा मागा, दहा देईल. पंधरा मागा, पंधरा. लेखक खरा, नियतकालिक खरं, वर्ष पटण्याजोगं, पृष्ठं ११२ ते १२९. फक्त तो लेख कुणी लिहिलेलाच नसतो. संदर्भाचा साचा त्याला तोंडपाठ आहे, त्या साच्यात काय बसतं ते तो ओततो. डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) दिला असेल तर तो ब्राउझरमध्ये टाकून पाहायला अर्धा मिनिट लागतो. तो अर्धा मिनिट वाचवा. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या दोन वकिलांनी तो वाचवला, चॅटजीपीटीने रचलेले निवाडे न्यायालयात दिले आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड बसला. ते वकील होते. तुमचे फार तर पाच गुण जातील. पर्प्लेक्सिटीसारखे शोधून उत्तर देणारे बॉट आकडे टाकून दुवे देतात. त्या निळ्या आकड्यांवर क्लिक करणं असभ्यपणाचं समजा, कारण दुवा खरा असला तरी त्या पानावर ते विधान असेलच असं नाही.

जुन्या मराठी पीडीएफचा प्रयोग मात्र जरूर करा. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये बसवलेली पुस्तकं पडद्यावर सुरेख दिसतात, पण त्यातली ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की ‘Ö’सारख्या चिन्हांची आणि रोमन अक्षरांची भेळ निघते. बॉटला फाइल दिली की बहुधा ती भेळच त्याच्या पानात पडते. आणि नुसतं स्कॅन असेल तर जोडाक्षरं वाचताना तो ठेचकाळतो. ‘मला वाचता आलं नाही’ असं म्हणण्याऐवजी तो शीर्षक, फाइलचं नाव आणि अंदाज यांतून चारशे शब्दांचा सारांश देऊन मोकळा होतो. सारांश आवडला की पुस्तकही आवडलं असं धरून चाला. सहाव्या प्रकरणातली एखादी ओळ शब्दशः मागून पाहण्याचा आगाऊपणा नको.

राहिली भाषा. पूर्वी देवनागरी मजकुराचे मॉडेलकडे इतके तुकडे पडायचे की मराठी महाग आणि संथ चाले. मे २०२४ मध्ये ओपनएआयने दाखवलेल्या नमुन्यात एका मराठी मजकुराचे ९६ तुकडे ३३ वर आले. म्हणजे आता ‘हे लक्षात घेणे आवश्यक आहे की’ हे वाक्य तिप्पट वेगाने मिळतं. अर्धं मराठी अर्धं कोंकणी विचारलंत तर उत्तरात मालवणीही डोकावते. त्याला ‘भाषिक वैविध्य’ म्हणा.

पकडले जाण्याची भीती बाळगू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांत शोधप्रबंधाला १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ आहे. पुढे सहा महिन्यांच्या आत सुधारून देण्यापासून नोंदणी रद्द होईपर्यंत पायऱ्या आहेत. पण साम्य म्हणजे दुसऱ्या मजकुराशी जुळणं. बॉटचा मजकूर कुठे छापलेलाच नसतो, त्यामुळे तीन टक्के येतात आणि आपण प्रामाणिक आहोत असं मनापासून वाटतं. एआय ओळखणाऱ्या यंत्रांचं म्हणाल तर ओपनएआयने स्वतःचं असं यंत्र जुलै २०२३ मध्ये बंद केलं. ते यंत्राचा मजकूर शंभरात २६ वेळाच ओळखायचं आणि माणसाचा ९ वेळा यंत्राचा ठरवायचं. त्यात बळी जातो तो बहुधा स्वतः रात्र जागून साधं, बेताचं इंग्रजी लिहिणाऱ्या मुलाचा. बरं झालं, तुम्ही त्यातले नाही. तरी धाकधूक असेल तर मजकूर ‘ह्यूमनाइजर’मधून काढा. तो समानार्थी शब्द टाकतो. अशा यंत्रांतून गेलेल्या इंग्रजी शोधनिबंधांत आर्टिफिशियल इंटेलिजन्सचं ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ झालेलं २०२१ मध्येच सापडलं होतं.

पहाटे पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों-पों ऐकू आला की थांबा. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापायला देण्याआधी शेवटची ओळ तेवढी पाहा. ‘आपल्याला हवे असल्यास मी हे अधिक संक्षिप्त करून देऊ शकतो’ असं त्यात असेल तर ठेवायचं की काढायचं हे तुमच्या परीक्षकाच्या स्वभावावर अवलंबून.

मग तोंडी परीक्षा. मोबाइल बाहेर टेबलावर ठेवलेला. परीक्षक तुमचंच पान उघडून, ठळक केलेल्या ओळीवर बोट ठेवून विचारतील, ‘बाळा, मानस म्हणजे काय रे?’ घाबरू नका. ‘ही एक बहुआयामी संकल्पना आहे, सर,’ म्हणा आणि खिडकीबाहेर बघा. ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, असाल तर खाली जुवारी दिसेल. पाणी चढत असेल तर कुठल्याशा बांधावर या क्षणी मानशीची दारं लागत असतील. ते सांगायचा मोह आवरा; तुमच्या असाइनमेंटमध्ये तसं कुठेच लिहिलेलं नाही.